फ्रीलान्स लेखन सुरू करायचंय, पण पैसे नेमके कोण देतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालवाहतूक कंपनीत निर्यातीची कागदपत्रं करण्याची आठ वर्षांची नोकरी. लिहिण्याची जुनी आवड, हौसेचा ब्लॉग, वाचणाऱ्यांचं कौतुक. गेल्या चार महिन्यांत दोन फ्रीलान्स साइटवर प्रोफाइल टाकलं, साठेक अर्ज केले, हाती काहीच नाही. एकाने ‘चाचणी’ म्हणून पाच लेख फुकट लिहून घेतले आणि तो गायब झाला. आता साइट बदलू की कोर्स करू, दर काय सांगू, आणि एआय आल्यावर या धंद्यात शिरण्यात अर्थ उरलाय का, असं विचारलं आहे.

या सगळ्यात एक वाक्य जाता जाता आलंय: ‘नोकरीचा लेखनाशी काही संबंध नाही, म्हणून ती प्रोफाइलमध्ये लिहिलेली नाही.’ माझ्या मते घोडं नेमकं इथेच पेंड खातंय. साइट, कोर्स, दर हे प्रश्न नंतरचे.

मी स्वतः लेखनावरच पोट भरते, आणि मधली काही वर्षं एका कंपनीसाठी बाहेरच्या लेखकांना काम देण्याच्या खुर्चीतही बसले आहे. त्या खुर्चीतून अर्ज कसे दिसतात ते सांगते. एका कामासाठी ढीगभर अर्ज येतात आणि बहुतेकांची सुरुवात एकाच साच्यातली असते: ‘मला लेखनाची मनापासून आवड आहे, मी कोणत्याही विषयावर दर्जेदार मजकूर वेळेत देऊ शकतो.’ हे खरं असेलही. पण वाचणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा वेगळंच चालू असतं. त्याला पुढच्या गुरुवारपर्यंत गोदाम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर तीन लेख हवे असतात. मागच्या लेखकाने इतकं वरवरचं लिहिलेलं असतं की कंपनीतल्या जाणकारांनी ते हसून परत पाठवलेलं असतं. अशा वेळी ‘कोणत्याही विषयावर’ लिहिणारा माणूस त्याच्या कामाचा नसतो. ‘मी गोदामात काम केलंय’ म्हणणारा असतो, मग त्याची भाषा थोडी खडबडीत का असेना. भाषा संपादकाला सुधारता येते, पण आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन: मला जे माहीत आहे ते लिहून घेण्यासाठी आधीपासूनच पैसे खर्च करणारी माणसं कोण, आणि त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं?

पुढे जाण्याआधी, काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगून टाकते. महिन्याला किती मिळतील याचं उत्तर मला देता येणार नाही. तुम्ही कोणत्या भाषेत लिहिता, आठवड्याला किती तास काढू शकता, क्लायंट कुठला, विषय कोणता, यावर आकडा इतका बदलतो की कुणी छातीठोक रक्कम सांगितली तर तो बहुधा कोर्स विकत असतो. भाषेचा मुद्दा मोठा आहे. इंग्रजीत काम जास्त आणि स्पर्धाही जास्त. इतर भाषांत काम कमी, पण चांगलं लिहिणारेही कमी, आणि भाषांतर आणि स्थानिकीकरण (म्हणजे मजकूर त्या त्या ठिकाणच्या वाचकाला जुळवून घेणं) धरलं तर वाटतं तितकं कमीही नाही. दोन्ही भाषा हातात असतील तर दोन्ही सांगा. तिसरी गोष्ट म्हणजे घाई. पुढच्या महिन्याचं घरभाडं यातून काढायचं असेल तर माझा पुढचा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही, कारण पहिलं नीट काम मिळायला आठवडे नाही, महिने लागू शकतात. तुमची नोकरी चालू आहे, म्हणजे वेळ हाताशी आहे. ही मोठी जमेची बाजू.

आता पैसे कोण देतं ते पाहू. ऑनलाइन लेखनाचा पैसा ढोबळमानाने चार खिशांतून येतो.

पहिला खिसा वाचकाचा. सशुल्क न्यूजलेटर, ई-पुस्तकं वगैरे. 2017 मध्ये सुरू झालेलं सबस्टॅक हे त्यातलं ठळक नाव. वाचक वर्गणी भरतो, साइट त्यातले 10 टक्के ठेवते, शिवाय पैसे वळवणाऱ्या सेवेचं शुल्क वेगळं. व्यवस्था चांगली आहे, पण आधी वाचक लागतात. दुसरा खिसा जाहिरातदाराचा: स्वतःचा ब्लॉग, त्यावर जाहिराती किंवा वस्तूंच्या लिंका. हा सगळ्यात संथ मार्ग, आणि सर्च इंजिनने नियम बदलले की रात्रीतून वाचक आटतात. हे दोन्ही पुढे कधीतरी जरूर करा, सुरुवातीची भिस्त त्यांच्यावर ठेवू नका.

तिसरा खिसा वर्तमानपत्रं, मासिकं आणि वेबसाइटच्या संपादकांचा. इथे लेखाखाली नाव येतं, मान मिळतो, हात सुधारतो. मानधन मात्र अनेकदा लेख छापून आल्यावरच निघतं आणि बेताचं असतं. तुमच्यासाठी यातला एक कोपरा खरोखर महत्त्वाचा आहे: व्यापार आणि वाहतुकीची व्यावसायिक नियतकालिकं. सामान्य वाचकाला त्यांची नावंही माहीत नसतात, पण त्यांना जाणकार लेखकांची कायम चणचण असते.

चौथा खिसा कंपन्यांचा, आणि फ्रीलान्स लेखकांपैकी ज्यांचं घर लेखनावर चालतं त्यांतले बरेचजण इथूनच कमावतात. मदतकेंद्राची पानं, ग्राहकांना जाणारे ईमेल, उत्पादनांची वर्णनं, मार्गदर्शक लेख, व्हिडिओच्या संहिता, केस स्टडी. केस स्टडी म्हणजे अमुक ग्राहकाची अडचण आमच्या सेवेने कशी सुटली याची पानभर-दोन पानांची गोष्ट. तुम्ही कंपनीच्या माणसाशी बोलता, मग त्या ग्राहकाशी बोलता, आकडे तपासून घेता, ग्राहकाची लेखी संमती मिळेपर्यंत मजकूर पुढेमागे होतो. यात तुमचं नाव कुठेच येत नाही. ज्यांना नावाचं अप्रूप आहे त्यांना हे काम कोरडं वाटतं. मला स्वतःला ते आवडतं, कारण लोकांना त्यांच्या कामाबद्दल बोलतं करणं हे निम्मं काम आणि लिहिणं उरलेलं निम्मं.

कंपनी पैसे देते कारण तो मजकूर तिच्यासाठी काहीतरी करतो: विक्रेत्याचा वेळ वाचवतो, ग्राहकाचे फोन कमी करतो, नवीन गिऱ्हाईक आणतो. आणि एकदा जमलं की तेच काम पुन्हा येतं. हा ‘पुन्हा’ महत्त्वाचा. दर महिन्याला नवे क्लायंट शोधणारा लेखक अर्धा वेळ विक्रेता असतो, आणि त्या वेळेचे पैसे त्याला कुणी देत नाही.

आता तुमच्या आठ वर्षांकडे येऊ. तुम्हाला ती नीरस वाटतात. एखादा नवा निर्यातदार बघा. डेमरेज आणि डिटेंशन यांत फरक काय हे त्याला पहिलं मोठं बिल हातात पडल्यावर कळतं. भरलेला कंटेनर मोफत दिवस संपल्यावरही बंदरात पडून राहिला तर डेमरेज, बंदराबाहेर नेलेला कंटेनर ठरल्या दिवसांत परत द्यायला उशीर झाला तर डिटेंशन. तुम्हाला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तसंच, पतपत्राखालच्या (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने पैसे देण्याची दिलेली हमी) व्यवहारात बिलावरचं मालाचं वर्णन पतपत्रातल्या वर्णनाशी जुळलं नाही तर बँक कागदपत्रं नाकारू शकते. किंवा बिल ऑफ लेडिंग ही एकाच वेळी मालाची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालावरच्या हक्काचा दस्तऐवज कशी असते. या विषयांवर लेख छापणाऱ्या कंपन्या आहेत: फ्रेट फॉरवर्डर, कस्टम्स ब्रोकर, वाहतुकीची सॉफ्टवेअर बनवणारे, व्यापाराला वित्तपुरवठा करणारे, मालाचा विमा उतरवणारे. त्यांचे लेख वाचून पाहा. लिहिणाऱ्याने कधी बिल ऑफ लेडिंग हातात धरलेली नाही हे तुम्हाला दुसऱ्या परिच्छेदात कळेल.

‘पण मला त्यातून बाहेर पडायचं म्हणूनच लिहायचं आहे,’ असं तुमच्या मनात येईल. समजू शकते. कायम तेच लिहा असं मी म्हणत नाही. दार उघडायला जी किल्ली हातात आहे ती वापरा, आत गेल्यावर खोल्या बदलता येतात. वाहतुकीवरून सुरुवात करून दोन-तीन वर्षांत सॉफ्टवेअर किंवा अर्थविषयक लेखनाकडे सरकलेले लेखक या धंद्यात भरपूर सापडतात. ललित लेखन तर तसंही तुमचंच राहणार आहे, आणि खरं सांगायचं तर क्लायंटच्या कचाट्याबाहेर राहिलेलंच बरं.

नमुन्यांबद्दल. ब्लॉगवरचे पावसावरचे आणि प्रवासावरचे लेख छान असतील, पण मदतकेंद्राची पानं लिहून घेणाऱ्याला त्यातून काही ठरवता येत नाही. नमुना हा मागायच्या कामासारखाच दिसला पाहिजे. यासाठी कुणाच्या परवानगीची किंवा आधी क्लायंट असण्याची गरज नाही. स्वतःच तीन नमुने लिहा. एक मार्गदर्शक लेख: ‘पहिला कंटेनर पाठवण्याआधी डेमरेज आणि डिटेंशनबद्दल हे माहीत हवं’. एक मदतकेंद्राच्या धाटणीचं छोटं पान, क्रमवार पायऱ्यांचं. एक मत मांडणारा लेख, व्यावसायिक नियतकालिकाला शोभेल असा. प्रत्येकात किमान एक गोष्ट अशी हवी जी फक्त ते काम केलेल्यालाच सुचेल. कुठल्या कागदावर कुठल्या रकान्यात माणसं हमखास गोंधळतात, ही तशी गोष्ट. खोटे क्लायंट दाखवू नका. वर सरळ लिहा की हा स्वतंत्रपणे लिहिलेला नमुना आहे. आणि सध्याच्या कंपनीची कागदपत्रं, ग्राहकांची नावं, अंतर्गत आकडे यांतलं काहीही त्यात येऊ देऊ नका. गुप्तता पाळणारा माणूस आहे हेही नमुन्यातून दिसतं.

स्वतःची देखणी वेबसाइट लागतेच असं नाही. नमुने उघडणारी एक लिंक आणि तुम्ही कोण, काय लिहिता, संपर्क कसा करायचा हे सांगणाऱ्या पाच-सहा ओळी पुरतात. वेबसाइटचा रंग ठरवण्यात महिना घालवणारे मी फार पाहिलेत.

काम शोधायचे दोन रस्ते: मध्यस्थ साइट आणि थेट पत्र. अपवर्क आणि फायवर ही साइटमधली मोठी नावं. इलान्स आणि ओडेस्क एकत्र आले आणि 2015 मध्ये त्यांचं अपवर्क झालं. फायवर 2010 पासून आहे आणि नावाप्रमाणे पाच डॉलरच्या कामांपासून त्याची सुरुवात झाली. फायवर विक्रेत्याच्या कमाईतले 20 टक्के कापतं, म्हणजे शंभरचं काम केलं की तुमच्या नावावर ऐंशी, त्यातून चलन बदलण्याचा आणि पैसे काढण्याचा खर्च आणखी. अपवर्कचं कमिशन वेळोवेळी बदलत आलंय, आणि तिथे अर्ज करायलाही ‘कनेक्ट्स’ नावाची टोकनं खर्च होतात, ती संपली की विकत घ्यावी लागतात. म्हणजे साठ अर्ज हे फुकट साठ अर्ज नसतात. या साइट वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. पैसे अडकून न पडण्याची थोडी हमी मिळते, अनोळखी क्लायंटशी व्यवहार कसा करायचा याची सवय होते, पहिले दोन-चार अभिप्राय मिळतात. फक्त तिथे सर्वांना दिसणाऱ्या जाहिरातीवर साठावा अर्ज करण्यापेक्षा प्रोफाइलचं शीर्षक बदला. ‘कंटेंट रायटर’ काढा आणि ‘निर्यात आणि मालवाहतूक विषयांचे लेखन, आठ वर्षांचा कामाचा अनुभव’ असं काहीतरी घाला. अर्ज कमी करा, पण जिथे तुमचा विषय आहे तिथेच.

थेट पत्रावर माझा जास्त विश्वास आहे. आधी वीस-पंचवीस कंपन्यांची यादी करा. निकष एकच: त्या आधीच काहीतरी छापतायत का? जिथे कधीच लेख नाहीत तिथे लेखनाला पैसे का द्यावेत हे पटवण्यात तुमचा जीव जाईल. जिथे लेख आहेत पण सहा महिन्यांपासून नवा नाही, किंवा आहेत पण चुकीचे आहेत, तिथे जागा आहे. पत्र ‘संपर्क करा’च्या सामायिक पत्त्यावर नको. मार्केटिंग किंवा मजकूर पाहणाऱ्या माणसाचं नाव शोधून त्याला लिहा.

असं पत्र साधारण कसं असावं ते दाखवते (त्यातले एफओबी आणि एफसीए हे इनकोटर्म्समधले, म्हणजे मालाची जबाबदारी विक्रेत्याकडून खरेदीदाराकडे कुठे जाते ते सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापार-नियमांतले, शब्द):

‘नमस्कार. तुमच्या साइटवरचा एफओबीबद्दलचा लेख वाचला, नव्या निर्यातदाराला समजेल अशा भाषेत आहे. एक गोष्ट खटकली: कंटेनरच्या मालालाही एफओबीच वापरावं असा त्यातून अर्थ निघतो. कंटेनर जहाजावर चढण्याआधीच टर्मिनलवर वाहतूकदाराच्या ताब्यात जातो, म्हणून इनकोटर्म्स 2020 प्रमाणे तिथे एफसीए योग्य ठरतं. निर्यातीच्या कागदपत्रांचं काम गेली आठ वर्षं माझ्याकडे आहे आणि याच विषयांवर मी लहान निर्यातदारांसाठी लिहितो. दोन नमुने सोबत आहेत. जुने लेख तपासून अद्ययावत करण्याचं किंवा पुढचे लेख लिहिण्याचं काम बाहेर देत असाल तर बोलायला आवडेल.’

बस. आवड, जिद्द, स्वप्नं काही नाही. त्या माणसाचा लेख वाचलाय हे दिसतं, तुम्हाला काय येतं ते दिसतं, आणि काय हवंय ते दोन पर्यायांत सांगितलंय. ‘जुने लेख अद्ययावत करणं’ हा पर्याय मी मुद्दाम ठेवते. नव्या लेखकाला नवा लेख देणं क्लायंटला जोखमीचं वाटतं, जुना दुरुस्त करून घेणं तितकं वाटत नाही. चूक दाखवताना सूर मात्र सांभाळा. तो लेख कदाचित पत्र वाचणाऱ्यानेच लिहिलेला असतो.

आठवड्याभराने एकदा आठवण द्या, दोन ओळींची. त्यानंतर गप्प बसा. बहुतेक पत्रांना उत्तर येणार नाही, त्यात अपमान मानू नका. मी काम देत होते तेव्हा आवडलेली पत्रंही बाजूला पडायची, कारण त्या तिमाहीचं बजेट संपलेलं असायचं. त्यातली काही नंतर उकरून काढून मी कामं दिली आहेत.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: विषय म्हणून नोकरीतलं ज्ञान घ्या, तीन नमुने मागायच्या कामासारखे लिहा, आधीच लेख छापणाऱ्या कंपन्यांना नेमकी पत्रं पाठवा, साइट जोडीला ठेवा. आता पैशांकडे, जिथे नवे लेखक सगळ्यात जास्त अडखळतात.

दर शब्दावर सांगावा की लेखावर, हा वाद चालत राहतो. मी आतून नेहमी तासांत मोजते आणि बाहेर कामाचा एक आकडा सांगते. बाराशे शब्दांचा लेख घ्या. ब्रीफ (क्लायंटच्या कामाच्या सूचना) वाचून शंका विचारायला एक तास, वाचन आणि तपासणीला तीन, त्यांच्या जाणकाराशी बोलून टिपणं काढायला एक, मसुद्याला चार, दुरुस्त्यांना दोन, मेल आणि इन्व्हॉइसला एक. झाले बारा तास. शब्दांचा दर ठरवताना माणसाच्या डोळ्यांसमोर फक्त मधले चार असतात, आणि मग ‘भरपूर काम आहे पण पैसे दिसत नाहीत’ अशी तक्रार सुरू होते. नोकरी सांभाळून आठवड्याला तुम्ही पंधरा तास काढलेत तर त्यातले पाच-सहा पत्रं लिहिण्यात आणि वाचण्यात जातील. उरलेल्या तासांत महिन्याला असे तीन लेख होतात, फार तर. तेव्हा महिन्याला हवी असलेली रक्कम घ्या, त्यात कर आणि कमिशन मिळवा, तीनने भागा. तुमच्या लेखाचा आकडा असा निघतो. सुरुवातीला क्लायंट त्याहून कमी देईल. थोडं कमी असेल आणि काम तुमच्या विषयातलं असेल तर एक-दोनदा घ्या. निम्माही मिळत नसेल तर दगडापेक्षा वीट मऊ म्हणून स्वीकारण्यापेक्षा तो वेळ आणखी पाच पत्रांत घाला.

आकडा विचारला की आढेवेढे घेऊ नका. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, समोरच्यालाही बजेट बसवायचं असतं. ‘बाराशे शब्दांपर्यंत, एक मुलाखत, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, दहा दिवसांत, इतके पैसे’ हे एका मेलमध्ये लिहा आणि ‘मान्य’ असं उत्तर येईपर्यंत सुरू करू नका. मोठा करारनामा नसला तरी या मेलने बरीच भांडणं टळतात. दुरुस्तीच्या फेऱ्यांचा आकडा नक्की घाला. ‘समाधान होईपर्यंत दुरुस्त्या’ असं एकदा कबूल केलं की समाधान कधीच होत नाही. विषयच बदलला तर ती दुरुस्ती नाही, नवं काम आहे, हेही लिहा. पहिल्यांदा काम करताना निम्मे पैसे आधी मागायला अजिबात लाजू नका. मोठ्या कंपन्या बहुधा आधी देत नाहीत, ‘नेट 30’ म्हणजे इन्व्हॉइसनंतर तीस दिवसांनी देतात, ते त्यांच्या हिशेबखात्याचं वळण आहे. अनोळखी लहान क्लायंट मात्र काहीच आधी द्यायला तयार नसेल तर काम लहान तुकड्यांत द्या: एक लेख, त्याचे पैसे, मग दुसरा. लेखी करार आणि वेळेत पैसे हा काही लेखकांचा हट्ट नाही. न्यूयॉर्क शहरात 2017 पासून फ्रीलान्स कामगारांसाठी थेट कायदाच आहे: 800 डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला लेखी करार हवा, आणि देय तारीख ठरली नसेल तर काम झाल्यापासून 30 दिवसांत पैसे.

तुमच्या त्या पाच फुकट लेखांबद्दल. चाचणी मागणं गैर नाही. छोटी, एखाद्या परिच्छेदाची, किंवा पूर्ण लेखाची पण पैसे देऊन. पाच संपूर्ण लेख ही चाचणी नसते. मात्र ते लेख वाया गेले असं समजू नका. 1886 च्या बर्न करारात असलेल्या देशांत, म्हणजे जवळपास सगळ्याच जगात, लिहिल्या क्षणी कॉपीराइट लेखकाचा होतो, नोंदणी लागत नाही. लेखी काही दिलेलं नसेल आणि पैसेही आलेले नसतील तर हक्क बहुधा अजून तुमच्याकडेच आहेत. शीर्षकं शोधून पाहा. कुठे छापलेले दिसले तर त्या साइटला काढायला सांगता येतं. पुढच्या करारांत ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क क्लायंटकडे जातील’ हे वाक्य घालत जा.

फसवणुकीचे आणखी दोन प्रकार ओळखून ठेवा. काम देण्याआधी तुमच्याकडूनच नोंदणीचे किंवा प्रशिक्षणाचे पैसे मागणारा. आणि ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून ‘चुकून जास्त गेले, फरक परत करा’ म्हणणारा. चेक काही दिवसांनी परत येतो आणि तुम्ही पाठवलेले पैसे मात्र गेलेले असतात.

एआयबद्दल. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 ला आलं आणि त्यानंतर सर्वसाधारण, कुठूनही जुळवून लिहिता येणाऱ्या स्वस्त लेखांचं काम झपाट्याने पातळ झालं, हे मला माझ्या आजूबाजूला दिसलं. ‘सकाळी लवकर उठण्याचे दहा फायदे’ लिहून शिकण्याची जी जुनी पायरी होती ती जवळपास निघून गेली. नव्यांसाठी हे अवघड आहे, खोटा दिलासा देत नाही. पण तुमचा विषय म्हणूनच महत्त्वाचा होतो. यंत्र डेमरेजवर सुबक पानभर लिहून देईल आणि मोफत दिवसांचा एखादा आकडा आत्मविश्वासाने ठोकूनही देईल. तो आकडा जहाज कंपनीगणिक आणि बंदरागणिक वेगळा असतो, त्यामुळे असा लेख कुणीतरी तपासावाच लागतो. ग्राहकाला फोन करून ‘नेमकं काय अडलं होतं’ हे काढून घेणंही अजून माणसाचंच काम आहे. गूगलनेही डिसेंबर 2022 मध्ये शोधात येणाऱ्या पानांचा दर्जा मोजणाऱ्यांसाठीच्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्यक्ष अनुभवाचा निकष वाढवला.

तुम्ही एआय वापरावं का? क्लायंटला विचारा, आणि जे ठरेल ते पाळा. काहींना चालतं, काहींच्या करारात साफ मनाई असते. एक व्यावहारिक गोष्ट: तुम्ही स्वतः लिहिलेल्या मजकुरावरही ‘हे यंत्राने लिहिलंय’ असा ठपका येऊ शकतो. ओळखणारी साधनं भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये मागे घेतलं. म्हणून मसुद्याच्या जुन्या आवृत्त्या, मुलाखतीची टिपणं, वाचलेल्या कागदांची यादी जपून ठेवा. वाद झाला तर तेच कामाला येतं.

कोर्सबद्दल माझं मत जरा कडक आहे. ‘महिन्याला अमुक कमवा’ असं शिकवणाऱ्या कोर्सची तुम्हाला गरज नाही. त्यापेक्षा एखाद्या चांगल्या संपादकाला पैसे देऊन तुमचा एक नमुना ओळ न् ओळ तपासून घ्या. त्याने काय खोडलं आणि का, यातून पुष्कळ शिकायला मिळतं. दुरुस्त झालेली प्रत आणि मूळ प्रत शेजारी ठेवून वाचा.

नोकरी कधी सोडायची हे तुमच्यावर कोण अवलंबून आहे, शिल्लक किती आहे, तब्येतीचा विमा नोकरीशी जोडलेला आहे का, यावर ठरेल. मी पाहते त्या दोन खुणा सांगते. निदान तीन क्लायंट असे हवेत जे न विचारता पुन्हा काम देतात, आणि त्यांतला कुणीही एकटा निम्म्याहून जास्त उत्पन्न देणारा नको. एकाच क्लायंटवर सगळं चाललेलं असेल तर ती बिनविम्याची, बिनसुट्टीची नोकरीच झाली. पैसे यायला लागल्यापासून इन्व्हॉइस क्रमांकाने ठेवा आणि प्रत्येक रकमेतला कराचा भाग लगेच वेगळ्या खात्यात टाका.

आणि या सगळ्याच्या आधी नोकरीचं नियुक्तिपत्र बाहेर काढा. बाहेर काम करण्याबद्दल, स्पर्धक कंपन्यांबद्दल आणि नोकरीत असताना लिहिलेल्या मजकुराच्या हक्काबद्दल काही कलम आहे का ते पाहा. तुम्ही ज्यांना पत्रं पाठवणार आहात त्यांतल्या काही कंपन्या तुमच्या मालकाच्या ग्राहक किंवा प्रतिस्पर्धी असू शकतात. कलम असेल तर लेखी परवानगी मागा. नाहीच मिळाली तरी व्यावसायिक नियतकालिकं आणि सॉफ्टवेअरवाले उरतात, मग यादी तिथून सुरू करा.